सात नंबरची पिशवी

११ फेब्रुवारी

पूर्वाने वही दिली. पुढच्या बाजूने झाडांचं लिहायचं: नंबर, जागा, तारीख, पान कोवळं की जून. मागच्या बाजूने मी माझं लिहिणार. तिला काय कळतंय. (ह्यापुढे नुसतं पू. चौथीनंतर एवढं लिहिलेलं नाही, बोटं दुखतात.)

आज चार रतांबे झाले (पू. कोकम म्हणते). पोरगी पुण्याची, कॉलेजात संशोधन करते, चढावर धापा टाकते. म्हटलं, "बाय माझे, तू बस खाली, पानां मी काढतंय." पान पुसायचं, कागदात गुंडाळायचं, कागद पिशवीत, पिशवीत निळे खडे. पान सुकत जातं तसे खडे गुलाबी होतात. पिशवीवर नंबर. नंबर चुकला तर सगळं फुकट, हे तिने तीनदा सांगितलं. मी काय बहिरी नाही.

१२ फेब्रुवारी

विचारलं तिला, पानांचं करणार काय. म्हणाली, पानात हिरवे कण असतात, हरितलवक म्हणतात. त्या कणांची झाडापेक्षा वेगळी अशी स्वतःची पोथी असते, दीड लाखावर अक्षरांची. ती मशीनवर वाचायची. मग ह्या झाडाची आणि त्या झाडाची पोथी शेजारी ठेवून अक्षराला अक्षर जुळवायचं. फरक किती त्यावरून कळतं कुठलं झाड कुणाच्या घराण्यातलं.

"आणि काकी, ही पोथी फक्त आईकडून येते. बापाचं त्यात काही नाही."

"बरां झाला. खंयतरी बापाशीचां नाव लावूक नको."

हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

१३ फेब्रुवारी

देवाच्या राईतल्या झाडाला सात नंबर दिला. देवळामागचा रतांबा. फळ पिकलं तरी पिवळंच, पाच गावांत असा दुसरा नाही. तोच कमिटीला पाडायचाय, सभामंडप वाढवायला मधे येतो म्हणून. जानेवारीच्या सभेत भावोजी (ह्यांचे चुलतभाऊ, कमिटीचे अध्यक्ष, माईक हातात आला की सोडत नाहीत) म्हणाले, "गावात रतांबे काय कमी आसत?" तेव्हा मी उठले. बायका मागे बसतात, तर मागूनच ओरडले. "ता झाड वेगळां आसा. नसला तर मी माझ्या हातान कुऱ्हाड घालतंय. एक शिकलेलां चेडू येतला, तेका तपासूक देवा."

शेवटी ठरलं. पू.चा अहवाल येईपर्यंत झाडाला हात नाही. वेगळं निघालं तर मंडप दुसऱ्या अंगाने वाढवायचा. नाही निघालं तर तोडायचं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "तुका कोणी सांगलेलां गो बोलूक?"

कुणीच नाही.

१४ फेब्रुवारी

पू. सावंतवाडीकडची झाडं करायला गेली. उद्या संध्याकाळी येणार, परवा सकाळी पुण्याला. जाताना म्हणाली, सातची पानं तेवढी काढून ठेवा. राईतलं पान देवाला विचारल्याशिवाय तोडत नाहीत, हे मी तिला सांगितलं होतं. "मग विचारा ना," म्हणाली. जसा काय देव शेजारी राहतो.

गेले. देवळात म्हातारा गुरव एकटाच. कौल लावला, देवाच्या दोन्ही अंगांना फुलांचे ओले कळे चिकटवून. उजवा पडला की हो, डावा की नाही. डावा कळा पडला. म्हटलं, परत लावा.

"देव काय तुझो घोव आसा, चार येळा इचारूक?"

तरी लावला. परत डावा.

नाही म्हणजे नाही.

१५ फेब्रुवारी

पू.ला काय सांगू आता. भावोजींच्या कानावर गेलं तर म्हणतील, बघा, देवालाच नको आहे. पान नाही तर अहवाल नाही. अहवाल नाही तर झाड गेलं. आणि सगळ्या गावासमोर ओरडलेली मी.

सकाळपासून परसातल्या आमच्या रतांब्याकडे बघतेय. सासू शंभरदा सांगायची, हे झाड राईतल्या पिवळ्याच्या बियेचं. पडलेली बी उचलली, तोडली नाही, म्हणून दोष नाही. आमची फळं लाल होतात, ते बापाचं असेल. पोथी तर आईचीच ना. लेकीची वाचली काय, आईची वाचली काय.

काढली पानं. पुसली. पिशवीवर ७ घातला.

पू.ने पिशवी उजेडात धरून बघितली. "छान काढलीत काकी." मी चुलीकडे गेले, काही काम नव्हतं तरी.

१६ फेब्रुवारी

गेली. बावीस पिशव्या घेऊन. पुढच्या पानांचे फोटो काढून नेले, वही माझ्याकडे राहिली.

९ मार्च

शिमगा. घरात पाहुणे, लिहायला वेळ नाही. पू.चा मेसेज, अजून महिना तरी लागेल. दीड लाख अक्षरं तर. एवढ्यात मीसुद्धा वाचून काढली असती.

४ एप्रिल

पू.चा फोन. जेवलात का, उकाडा किती. म्हटलं, मुद्द्याचं बोल.

सात नंबर वेगळा नाही.

तिने जोडीला रोपवाटिकेतल्या दोन कलमांची पानं घेतली होती. सातची पोथी त्या कलमांशी अक्षराला अक्षर जुळते. गावातले बाकीचे जुने रतांबे तरी थोडे थोडे वेगळे निघाले, पण सात म्हणजे थेट कलमच. "काकी, ते झाड जुनं नाहीच. कुणीतरी कलम आणून लावलंय."

"गो, माझी सासू न्हवरी होवन इली तेव्हा ता झाड आतासारख्यांच होता. कलम खंयचां?"

"मलाही तेच कोडं पडलंय. पण मशीन खोटं बोलत नाही."

मशीन नाही बोलत.

५ एप्रिल

सभा. भावोजींनी पू.ला फोन करून आधीच विचारून घेतलं होतं. माईकवर जाहीर केलं. मग माझ्याकडे बघून, "वयनी, कुऱ्हाडीक धार काडून ठेवा!" सगळे हसले. हेसुद्धा हसले. घरी आल्यावर ह्यांना चहा मिळाला नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात तोडणार. पावसाच्या आधी खांब उभे करायचेत.

गुरव तेवढा हसला नाही. पायऱ्या उतरताना जवळ आला. "कौल डावो पडलेलो मां? मगे पानां खंयची गो?"

मी चपला घातल्या नि चालू लागले. त्याला वाटतंय मी चोरून तोडली. तसं वाटलेलं बरं की खरं काय ते कळलेलं बरं, मलाच ठरवता येईना.

६ एप्रिल

दिवसभर एकच डोक्यात. सासू खरं सांगत होती तर पिवळाही कलमासारखाच, झाड गेलं. सासू खोटं सांगत होती तर राईतलं झाड कुणी तपासलेलंच नाही, आणि मी गेले.

ह्यांना विचारलं, परसातला रतांबा लावला कुणी, कसा?

"माका काय म्हायत? मी तेव्हा गोटये खेळी होतंय."

माणसाला स्वतःच्या परसातलं माहीत नाही. उद्या जामसंड्याला जाते, वन्संकडे.

७ एप्रिल

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. गुडघे गेले, जीभ शाबूत. दारातच म्हणाली, "काय गो, रस्तो चुकलंस?" चहा होईपर्यंत दम धरला, मग विचारलं.

"आवशीन बी लायलेली ता खरां. रुजलां पण. पण नर निघालां. धा वर्सां नुसतां फुलला, फळ एक नाय. मगे आवशीन वैभववाडीच्या बाजारातसून कलमाची काडी हाडल्यान, झाड वरसून कापल्यान नि काडी बांधून घेतल्यान. खालचो खुंट राईतलो, वरचां सगळां बाजारातलां."

"मगे आई बियेचां म्हणान कित्याक सांगी?"

"खोटां खंय सांगी? बी राईतलीच मां. अर्धां सांगी इतक्यांच. तुझ्यासारख्या सुनेक पुरां सांगान उपेग काय?"

घरी येऊन पिशवी न ठेवता परसात. गुडघाभर उंचीवर शेवाळ खरवडलं. गाठ आहे. गाठीखाली साल काळपट, वर वेगळी. तीस वर्षं ह्याच झाडाला कपड्यांची दोरी बांधतेय. खालचे धुमारे दर पावसात कोयत्याने छाटतेय, झाड साफ दिसावं म्हणून. राईतलं जे होतं तेच छाटत आले, आणि पिशवीत बाजार भरला.

म्हणजे पिवळ्याचं एक पानसुद्धा कुणी वाचलेलं नाही.

८ एप्रिल

फोन हातात घेतला, ठेवला. भात करपला. परत घेतला, परत ठेवला. उद्या.

९ एप्रिल

पू.चा मेसेज. शुक्रवारी अहवाल सरांना देणार. आभारात तुमचं नाव घालतेय, पूर्ण नाव कसं लिहू?

तिथल्या तिथे फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं, कौल, परस, सासू, काडी. 

मग म्हणाली, "बाकीच्या एकवीस पिशव्या?"

"त्यो खऱ्यो."

"ते मला कसं कळणार?"

मग म्हणाली, चार वर्षं झाली तिची ह्यात. एक पिशवी खोटी निघाली की सगळ्या संशयात. सरांना सांगावंच लागेल. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मीपण चढवला असता.

"कौल मिळाला नाही एवढंच सांगायचं होतं ना. मी थांबले असते." ठेवला.

११ एप्रिल

फोन नाही. मेसेज नाही. रतांब्यांची सोलं सुकवायचे दिवस, हात कोपरापर्यंत लाल, आणि मी दर पाच मिनिटांनी हात पुसून फोन बघतेय.

हे म्हणाले, "गप रव्हलं असतंस तर कोणाक कळला नसता."

"माका कळलेलां आसा मां."

१४ एप्रिल

पू. आली. वैभववाडीला रेल्वेतून उतरून पुढे एसटीने. माझ्याकडे उतरली नाही, तिठ्यावरच्या लॉजवर. सकाळी दारात उभी. काकी नाही, काही नाही. "दाखवा."

गावातली सगळी झाडं पुन्हा फिरलो. पान तिने स्वतः तोडलं, नंबर स्वतः घातला. पुढच्या बाजूचं माझं लिहिलेलं एकेक ओळ विचारत गेली. "चौदा, विहिरीजवळ, पान कोवळं. कुठली विहीर? कुठली फांदी?" मी चिडले नाही. जन्मात एवढी गप्प राहिले नसेन. ह्यातली चार ती पुन्हा मशीनवर घालणार. जुळली तर जुनं काम वाचलं.

परसात आली. गाठीवरून बोट फिरवलं. खाली मातीपाशी एक धुमारा होता, बोटाएवढा, माझ्या कोयत्यातून सुटलेला. त्याची दोन पानं घेतली, नंबर २३.

म्हटलं, "गावला मां? ह्यां राईतलां. हेकाच सात म्हण."

"नाही. हे तुमच्या सासूबाईंच्या शब्दावर आहे. मला त्या झाडाचंच पान पाहिजे."

म्हणजे पुन्हा कौल. आणि आता गुपचूप नाही, गावासमोर.

चहा प्यायली. साखर जास्त झाली म्हणाली. तेवढं बोलली.

१६ एप्रिल

देवळात अख्खा गाव. तुळशीचं लग्न असल्यासारखी बायकांची गर्दी, सगळ्यांना बघायचं होतं नंदाचं, म्हणजे माझं, तोंड कसं होतं. मी सांगितलं. चोरून तोडली नाहीत, तोडलीच नाहीत, परसातली घातली. भावोजी म्हणाले, "म्हणजे आमका फसवलात?" म्हटलं, "व्हय."

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान तुझ्या झाडाच्या नावार दुसरी पानां दिली, गावाक फसयल्यान, परगावच्या चेडवाक फसयल्यान, ता आज पदर पसरून कबूल जाता..." आणि सगळा गाव एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" प्रत्येक वाक्याला. माझी जाऊ सगळ्यात मोठ्याने.

कळे लावले. पडेनात. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मागून कोणतरी म्हणाला, "तो पंखो बंद करा रे, मगे म्हणतलास वाऱ्यान पडलो." पंखा बंद. घाम. पू. माझ्या शेजारी उभी, तिची नखं माझ्या दंडात रुतलेली. तिला कळलंसुद्धा नसेल.

उजवा पडला.

गुरव म्हणाला, "दोन पानां. तिसरां नाय."

पू.ने स्वतः तोडली. पिशवीवर ७, त्याखाली तिची सही, माझी सही, गुरवाची, भावोजींची. भावोजींनी सही करून पेन खिशात घातलं, तिचं पेन. मग म्हणाले, "पाच मे. त्याच्या फुडे एक दीस थांबूचंय नाय. करवतवाल्याक सांगान ठेवलेलां आसा."

पू. म्हणाली, इतक्या लवकर निकाल येईल असं मी सांगू शकत नाही.

"तर मगे नाय इलो," भावोजी म्हणाले.

२५ एप्रिल

पू.चा मेसेज. चार पिशव्या पुन्हा वाचल्या. चारही जुळल्या. खाली एक शब्द, "थँक्स".

दोनदा वाचला. उन्हातली सोलां उलटायची राहिली, एका बाजूने कडक झाली.

सात अजून रांगेत. मशीनलाही रांग असते म्हणे.

२ मे

गिरणीवर गेले तर आतून, "इली गो, सात नंबर!" बायका खो खो. म्हटलं, "व्हय. माका नंबर तरी आसा." पीठ न चाळता घरी आणलं.

पू.ला चार वेळा फोन. उचलत नाही.

४ मे

संध्याकाळी तिचाच फोन. पहिलं वाचन आलंय. सात वेगळी दिसते. कलमासारखी नाही, गावातल्या दुसऱ्या कुठल्या रतांब्यासारखीही नाही. मी ह्यांना हाक मारायला वळले.

"थांबा. एक तुकडा नीट वाचला गेलेला नाही. फक्त दोन पानं होती. पुन्हा चालवावं लागेल, दहा दिवस. कदाचित तो फरक नसेलच, वाचायची चूक असेल. तोपर्यंत कुणाला एक शब्दही बोलायचा नाही. मागच्या वेळी मी अध्यक्षांना घाईने सांगितलं आणि काय झालं बघितलंत. पुन्हा चुकले तर सर मला ठेवणार नाहीत."

"उद्या तोडतले."

"माहीत आहे मला."

"मगे मी काय करू?"

मग, "मला नका ना विचारू, काकी."

भावोजींकडे गेले. खळ्यात टेम्पो उभा, दोरखंड, दोन करवती. भावोजी करवतीत तेल आहे का बघत होते. म्हटलं, दहा दिवस थांबा. "कित्याक? काय इला काय तिकडसून?" तोंडाशी आलं होतं. व्हय म्हटलं तर पोरीच्या चार वर्षांवर माझी जीभ पडते. नाय म्हटलं तर परत खोटं. तशीच परत फिरले. मागून ओरडले, "वयनी, बरां वाटता नाय काय?"

आठ वाजता करवत लावणार. मी सातला जाऊन झाडाखाली बसणार. बसल्यावर कुणी विचारलं तर काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. उठवतील कदाचित. उचलूनही ठेवतील बाजूला, भावोजींचे हात मोठे आहेत.

हे आत्ता दारात येऊन म्हणाले, "एकटी जाव नको. मी येतंय वांगडा."

म्हटलं, या. पण तोंड उघडू नका.